निधान

खानापूर स्टँडच्या मागे झेरॉक्सच्या दुकानात
कंप्युटर एक, पाळ्या दोन.
सकाळी चनबसू, दोननंतर मी.
मुतगेकर मालक म्हणायचे, घेऊ की दुसरा, लग्नसराई होऊ दे.
लग्नसराया चार झाल्या.

मी डावरी.
आल्या आल्या माउस उचलून कीबोर्डाच्या पलीकडं न्यायचा,
सेटिंगात शिरून बटणांची अदलाबदल करायची.
पण ती करायला जे बटण दाबायचं
ते तोवर त्याचंच,
म्हणून माझ्या पाळीचा पहिला क्लिक रोज मधल्या बोटाचा,
उसना.

त्याचा बाण काळा, घोरपडीएवढा.
माझा पांढरा, बारका.
आणि डबल क्लिकचा वेग त्यानं पार डावीकडं,
जिथं ती पट्टी संपते तिथं नेऊन ठेवलेला.
त्याची तर्जनी कौलांच्या कारखान्यात साच्याखाली आली होती.
एक टिचकी दिली की दुसरीपर्यंत
मधे चहाचा एक घोट बसेल.

पहिल्या आठवड्यात मला शिकवताना म्हणायचा,
निधान, निधान.
मी इकडं तिकडं बघायची.
कीर्तनातलं निधान मला ठाऊक, पुरलेला ठेवा.
वाटलं, हा स्क्रीनवर कुठली तरी मोहरांची हंडी दाखवतोय.
तो नुसतं, हळू गं, म्हणत होता.

खिडक्यांवरून मात्र आमचं पटलं नाही.
त्याच्या पाळीत बाण जिच्यावर जाईल ती खिडकी जागी,
क्लिक नको, बोटाला तेवढाच आराम.
मला ते भुताटकीसारखं वाटायचं.
मी टकटक केल्याशिवाय कुणी दार उघडू नये.

एकदा बदलायचं विसरले.
समोर होनगेकरांच्या सुनंदाची पत्रिका, गर्दी,
कोपर माउसला लागलं असेल,
आणि मामामावश्यांची सगळी रांग
शेजारच्या खिडकीत गेली,
बसलिंगप्पांच्या उताऱ्याच्या कन्नड अर्जात.
फाँट त्यांचा, किल्ल्या माझ्या.
अक्षरं अशी उमटली की ना इकडची ना तिकडची.
म्हाताऱ्यानं चष्मा चढवून एक ओळ
मोठ्यानं वाचायचा प्रयत्न केला, अगदी मनापासून,
मग विचारलं, इदु याव भाषे री?
होनगेकरीणबाई म्हणाल्या, अवो, ही आमची आत्त्या हाय.
सगळं दुकान हसलं.
झेरॉक्सवाल्या पोरानं तो कागद छापून काचेला लावला,
उन्हानं पिवळा होईतो तिथंच होता.

त्यानंतर कधी तरी, वार आठवत नाही,
दोनला आले तर माउस डावीकडं.
बाण पांढरा.
बटणं आधीच फिरवलेली.
चनबसू जिन्याखाली डबा धूत होता, बोलला काही नाही.
शेवटचं ओके त्यालाही मधल्याच बोटानं द्यावं लागलं असणार.

रात्री आठला निघताना मी पट्टी डावीकडं ओढली,
बाण मोठा केला. काळा.
खिडक्यांचं कुणी ठरवलं नाही,
पण सेटिंगात एक थांबा असतो,
बाण आला तरी खिडकीनं किती वेळ दम धरायचा त्याचा,
तो कुणी तरी अर्धा सेकंद केला.
मी नाही. तो म्हणतो, मीही नाही.
तेवढ्यात कोपर मागं घेता येतं.

गेल्या सोमवारी दुसरा कंप्युटर आला.
आता माझा माउस माझा, चोवीस तास डावा.
चनबसू पलीकडच्या टेबलावर,
आमच्यामधे लॅमिनेशनचं मशीन.

आठ वाजले की हात अजून सेटिंगात जातो.
पट्टी डावीकडं, पार शेवटाला.
वेग तपासायला तिथं एक पिवळं फोल्डर असतं.
मी एक टिचकी देते,
स्टँडात हल्याळची गाडी लागते, कंडक्टर ओरडतो,
मग दुसरी.
ते उघडतं.

आत काही नसतं.
पट्टी परत उजवीकडं आणते आणि लाइट बंद करते.